एचपी-१२सी कॅल्क्युलेटरच्या २० रजिस्टरांत १५ लॉटचे ४५ आकडे कसे बसवायचे?

तुम्ही विचारलंय की वडिलांचा जुना १२सी हाती आलाय, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला तो घेऊन उभं राहायचंय, आणि दर लॉटमागे तीन गोष्टी हव्यात : लॉट क्रमांक, पोती, क्विंटलचा दर. रजिस्टरं, म्हणजे आकडे साठवायचे कप्पे, वीसच : आर० ते आर९ आणि आर.० ते आर.९. मग संगणकावर बिट, म्हणजे एकेक होय-नाही, सरकवून भरतात तसं दोनच्या पटीत भरावं का?

दोनच्या पटीत भरू नका. मी याच यार्डात आडतीवर दिवाणजी होतो आणि हेच मशीन बरीच वर्षं वापरलं, म्हणून ठामपणे सांगतो.

१२सी आतून दहाच्याच भाषेत मोजतो. एक रजिस्टर ५६ बिटांचं, म्हणजे चार-चार बिटांची १४ घरं. दहा घरं आकड्याची, एक चिन्हाचं, तीन घातांकाची आणि त्याच्या चिन्हाची. त्यामुळे शंभराने किंवा हजाराने भागलं की फक्त घातांक हलतो. दहापैकी एकही आकडा बिघडत नाही. दोनने भागताना तसं होत नाही. ८५८९९३४५९१ या दहा आकड्यांत ३३ होय-नाही मावतात खरे, पण पहिला सोडवायला दोनने भागलं की ४२९४९६७२९५.५ येतो. हे अकरा आकडे झाले. मशीन आकडा गोल करतं, शेवटचा .५ जातो आणि उत्तर गुपचूप चुकतं. तीस होय-नाहीपर्यंत हा धोका नाही, त्यापुढे आहे. पण तुम्हाला होय-नाही ठेवायचेच नाहीत, तुम्हाला दर ठेवायचाय.

तेव्हा दशांश चिन्हालाच कुंपण करा. मशीन स्वतः तारखा अशाच ठेवतं : डी.एमवाय लावलं की १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे १५.०८१९४७. दिवस डावीकडे, महिना-वर्ष उजवीकडे.

आधी मी लॉटला तीन, पोत्यांना दोन आणि दराला पाच घरं दिली होती. बेरीज दहा, अगदी चपखल. एका सकाळी २१४ नंबरच्या लॉटला १०४ पोती आली. २१४०० मध्ये १०४ मिळवले की २१५०४. लॉट झाला २१५ आणि पोती उरली चार. मशीनने कुठेही एरर दाखवली नाही, पट्टी लिहून झाल्यावर शेतकऱ्यानेच चूक दाखवली. त्या माणसाचा माल मी शंभर पोत्यांनी कमी धरला होता, आणि ते मला अजून बोचतं. म्हणून घरं ठरवताना नेहमीचा आकडा बघू नका, वर्षातला सगळ्यात मोठा बघा. लॉट क्रमांकाचे शेवटचे दोनच आकडे पुरतात. पोत्यांना तीन घरं द्या.

लॉट १४, पोती ३७, दर १४३५० असेल तर १४०३७.१४३५० असं भरा. ३७ च्या आधीचं शून्य विसरू नका. दर हवा तर फ्रॅक (फक्त दशांश भाग ठेवणारी कळ) दाबून एक लाखाने गुणा. लॉट हवा तर हजाराने भागून इंटजी (दशांश भाग टाकणारी कळ). पडद्यावर दोनच दशांश दिसत असतील तर घाबरू नका, आत सगळे शाबूत आहेत. एफ ४ (चार दशांश दाखव) दाबलं की दर १४३५ असा दिसतो, एफ ५ वर पूर्ण.

आता सगळ्यात देखणी गोष्ट. या मशीनवर प्रोग्राममधून 'दर वेळी बदलणाऱ्या क्रमांकाचं रजिस्टर आण' अशी सरळ सोय नाही, पण सीएफजे ही रोख-प्रवाहाची कळ तेच काम करते. आरसीएल जी सीएफजे दाबलं की एन या कळीत साठवलेल्या क्रमांकाचं रजिस्टर येतं आणि एन आपोआप एकाने कमी होतो. लॉट आर१ ते आर९ आणि आर.० ते आर.५ मध्ये ठेवा, १००० हा आकडा आर.६ मध्ये, आर० मध्ये शून्य, एन मध्ये १५. मग एकूण पोत्यांसाठी प्रोग्रामच्या बाराच ओळी लागतात (आरसीएल म्हणजे आण, एसटीओ म्हणजे साठव, जीटीओ म्हणजे त्या ओळीवर जा आणि जीटीओ ०० म्हणजे थांब; एक्स=० नंतरची ओळ आकडा शून्य असेल तरच चालते) :

आरसीएल जी सीएफजे
जी इंटजी
आरसीएल .६
भागिले
जी फ्रॅक
आरसीएल .६
गुणिले
एसटीओ + ०
आरसीएल एन
जी एक्स=०
जी जीटीओ ००
जी जीटीओ ०१

बेरीज आर० मध्येच घ्या. एसटीओ + फक्त आर० ते आर४ वरच चालतं. प्रोग्रामच्या पहिल्या आठ ओळी फुकट, पुढच्या दर सात ओळींना एक रजिस्टर जातं, तेही शेवटून, आर.९ पासून. म्हणजे इथे एकच गेलं. १००० आर.६ मध्ये ठेवायचं कारणही हेच : प्रोग्रामात लिहिलं तर त्याला चार ओळी लागतात, मागवला तर एक. आर.७ आणि आर.८ अजून मोकळी आहेत. तिथे हमाली आणि तोलाईचे दर ठेवा, ते रोज लागतात.