वाचकांचे प्रश्न : खाजन, खारं पाणी आणि प्रबंध

प्रश्न : मी भूगोलाच्या एम.ए.ला आहे. जमिनीच्या क्षारतेच्या धोक्यावर शेतकरी काय करतात, हा प्रबंधाचा विषय. गोव्यातल्या चोडण बेटावरच्या ६० भातशेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेणार आहे. ‘धोका किती वाटतो?’ याला १ ते ५ गुण. एवढं पुरेल का? (विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : ६० जण पुरेत, पण खाजनात, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीत, ते सगळे एकाच मानशीमागचे (मानस म्हणजे बांधातला झडपेचा दरवाजा) असले तर प्रबंध लंगडा पडेल. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा मानशीची झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून नदीत जातं. झडप कुजली, कुर्ल्यांनी बांधाला भोकं पाडली, किंवा मासळीसाठी भरतीलाच झडप उघडी ठेवली, तर मागची सगळी शेतं एकदमच खारवतात. मग तुमच्या ६० नोंदी म्हणजे एकाच घटनेच्या ६० प्रती. त्याऐवजी चार मानशी निवडा, प्रत्येकीमागचे १५ जण घ्या आणि त्या १५ मध्ये शेत पडीक टाकलेले निदान चार असू द्या. नावं कुळ संघटनेच्या (बांध सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेच्या) यादीतून काढा. शेतात गाठून यादी केली तर सोडून गेलेले नेमके निसटतात, आणि खारेपणाचा सर्वांत मोठा परिणाम त्यांच्याकडेच दिसतो. पडीक खाजनात खारफुटी वाढली की ती परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यामुळे शेत सोडण्याचा निर्णय पुढे सहज फिरवताही येत नाही.

गुण देण्याचा प्रश्न काढून टाका. ‘धोका’ या शब्दाला प्रत्येक जण वेगळा अर्थ लावतो आणि पाहुण्या विद्यार्थिनीला बरं वाटेल तो आकडा सांगतो. घडलेलं विचारा, तेही कोकणीत: गेल्या पाच वर्षांत खारं पाणी शेतात कधी कधी आलं, कुठल्या बाजूने, किती दिवस राहिलं? त्यानंतर काय केलं? बियाणं बदललं, पेरणी लांबवली, बांधाला वर्गणी दिली की शेत सोडलं? प्रत्येक कृतीपुढे वर्ष, खर्च आणि ‘निर्णय कोणाचा’ ही तीन घरं ठेवा. तिसरं घर सर्वांत मोलाचं. बियाणं शेतकरी स्वतः ठरवतो, झडप कधी उघडायची हे एकटा ठरवू शकत नाही. १९६४च्या कुळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कोमुनिदादीकडून (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडून) हळूहळू कुळ संघटनांकडे आली. संघटना निजलेली असेल तर हुशार शेतकऱ्याचाही उपाय बांधापाशी अडतो. म्हणून संघटनेच्या पदाधिकाऱ्याला आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव घेणाऱ्याला वेगवेगळं भेटा. दोघांना एकत्र बसवलं तर झडपेबद्दल कोणी बोलणार नाही.

प्रश्न : मातीचा खारेपणा स्वतः मोजता येईल का?

उत्तर : जरूर मोजा, नाहीतर सांगितलेलं आणि घडलेलं ताडून पाहता येणार नाही. बांधापासून १०, ५० आणि १०० मीटरवर, ०-१५ आणि १५-३० सेंटिमीटर खोलीची माती वेगवेगळी घ्या. सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. २० ग्रॅम मातीत ४० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालून अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या आणि वरच्या पाण्यात विद्युतवाहकता मोजा; मीठ जितकं जास्त तितकी ती जास्त. त्याआधी मीटर १.४१ डेसिसायमन प्रति मीटरच्या प्रमाण द्रावणात जुळवून घ्या.

इथे एक चूक हमखास होते. ४ डेसिसायमनच्या वर माती खारवट धरतात, ती मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या, मातीतून काढलेल्या अर्काची आहे. वरच्या १:२ (एक भाग माती, दोन भाग पाणी) द्रावणाचा आकडा त्याहून बराच कमी येतो. तो थेट ४शी ताडला तर खारवलेलं शेतही ठीक ठरेल. थोडे नमुने प्रयोगशाळेत दोन्ही पद्धतींनी तपासून एका आकड्यावरून दुसरा काढण्यासाठी आपल्या मातीचा गुणक काढा.

वेळही जपा. एप्रिल-मेमध्ये मीठ वर येतं, जुलैच्या पावसाने धुऊन जातं. एकाच महिन्यात मोजलं तर एक तर सगळं खाजन खारट दिसेल, नाहीतर सगळं गोडं. मे अखेर, पेरणीच्या वेळी आणि फुलोऱ्यात मोजा, कारण भात रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात मिठाला सर्वांत नाजूक असतं. सामू (पीएच, मातीची आम्लता) मात्र ओल्या मातीतच, त्याच दिवशी घ्या. काही खाजनांच्या मातीत गंधकाची संयुगं असतात; वाळताना हवा लागून आम्ल तयार होतं आणि सामू उगाच खाली दिसतो.

प्रश्न : कोरगुट हे खाजनातलं पारंपरिक भात न लावणारा शेतकरी बेफिकीर मानायचा का?

उत्तर : नाही. कोरगुट मीठ सोसतो, पण उंच वाढून लोळतो आणि उत्पन्न कमी देतो. मानस नीट चालत असेल तिथे ज्योती किंवा जया या भाताच्या जाती लावणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. कोरगुटातूनच निवडलेले गोवा धान १ आणि २ हे वाणही आहेत. शेतकऱ्याने ते ऐकलेत का आणि बियाणं वेळेवर हाती आलं का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा.