जर्मन मार्झिपानची गोडी पिढ्यान्‌पिढ्या का टिकून आहे?

जर्मनीहून परतलेल्या सहकाऱ्याने दिलेला मार्झिपानचा तुकडा आपल्याला अत्तर घातलेल्या कच्च्या बदामवडीसारखा लागला, मग तिथले लोक या मिठाईवर आणि तिच्या केकवर इतक्या पिढ्या एवढा जीव का टाकतात, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली 17 वर्षे हाम्बुर्गमध्ये राहते, मार्झिपानचे माहेरघर समजले जाणारे ल्युबेक तिथून रेल्वेने पाऊण तासावर आहे, आणि इथल्या पहिल्या नाताळात माझेही मत तुमच्यासारखेच झाले होते. ते मत बदलले ते चांगले मार्झिपान खाल्ल्यावर, आणि त्याहीपेक्षा ते कसे करतात हे जवळून पाहिल्यावर. आज मला असे ठामपणे वाटते की या मिठाईचे सारे मर्म बदाम आणि साखर यांच्या प्रमाणात आहे, आणि जर्मन लोकांनी ते प्रमाण ज्या निष्ठेने सांभाळले, त्या निष्ठेमुळेच तिची गोडी टिकली.

आपण बदामाची वडी करतो तेव्हा आधी साखरेचा पाक करतो, त्यात बदामाची पूड घालतो, तूप सोडतो आणि गोळा कढईपासून सुटू लागला की तो थापतो. त्या वडीला बांधून ठेवते ती पाकाची साखर. मार्झिपानमध्ये पाक नसतो आणि तूपही नसते. बदाम गरम पाण्यातून काढून सोलतात, साखरेबरोबर रुळांखाली अगदी बारीक वाटतात, आणि तो लगदा तांब्याच्या उघड्या कढयांमध्ये सतत ढवळत भाजून लगेच थंड करतात. त्यातला मऊपणा आणि स्निग्धपणा बदामाच्या स्वतःच्या तेलाचा असतो. बदामांत थोडे कडू बदामही मिसळलेले असतात, आणि तुम्हाला जो वास अत्तरासारखा वाटला तो बहुधा त्यांचाच असावा. कडू बदाम कच्चे खाणे विषारी असते, परंतु त्यांचे प्रमाण अल्प ठेवून लगदा नीट भाजला की विषारी अंश उडून जातो आणि मागे फक्त सुगंध राहतो. हा जो मूळ गोळा तयार होतो त्याला जर्मनमध्ये 'रोमासे', म्हणजे कच्चा गोळा, असे म्हणतात.

प्रमाणाची खरी गोष्ट इथून सुरू होते. जर्मनीतील नियमांनुसार या मूळ गोळ्यात साखर 35 टक्क्यांहून अधिक आणि पाणी 17 टक्क्यांहून अधिक असता कामा नये. त्यात फार तर तेवढ्याच वजनाची साखर आणखी मिसळून जे होते त्याला 'मार्झिपान' हे नाव लावता येते. म्हणजे अगदी खालच्या प्रतीच्या मार्झिपानमध्ये जवळपास दोन-तृतीयांश साखरच असू शकते. ल्युबेकच्या कारागिरांना हे मान्य नाही. 'ल्युबेकर मार्झिपान' म्हणवून घ्यायचे असेल तर मूळ गोळा किमान 70 टक्के लागतो, आणि 'ल्युबेकर एडेलमार्झिपान', म्हणजे ल्युबेकचे उंची मार्झिपान, म्हणायचे तर किमान 90 टक्के. या एडेलमार्झिपानमधील साखरेचा हिशेब केला तर ती 42 टक्क्यांच्याही आत राहते. 'ल्युबेकर मार्झिपान' या नावाला 1996 पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे, आणि ल्युबेक शहर व त्याला लागून असलेली बाड श्वार्टाऊ आणि श्टोकेल्सडोर्फ ही गावे सोडून अन्यत्र तयार झालेल्या मालाला ते नाव लावता येत नाही. तुमच्या सहकाऱ्याने आणलेला डबा कोणत्या प्रतीचा होता हे मला ठाऊक नाही, परंतु दुकानाच्या दाराशी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या मार्झिपानवरून या मिठाईची परीक्षा करणे म्हणजे वनस्पती तुपातल्या बेसनलाडवावरून दिवाळीच्या फराळाची परीक्षा करण्यासारखे आहे.

याच्या खाली आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे पेर्झिपान. ते बदामाऐवजी जर्दाळूच्या किंवा पीचच्या बियांतील गरापासून करतात. ते वाईट असते असे नाही, परंतु मार्झिपानच्या नावाखाली ते खपवले जाऊ नये म्हणून त्यात खुणेसाठी थोडा स्टार्च मिसळण्याची पद्धत आहे, म्हणजे आयोडीनचा थेंब टाकताच ते निळे पडते आणि ओळखू येते. एका मिठाईची ओळख जपण्यासाठी एवढी खबरदारी घेतली जाते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता इतिहासाकडे वळते. तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल की 1407 साली ल्युबेकमध्ये दुष्काळ पडला, कोठारांत फक्त बदाम आणि साखर उरली, आणि नगरसभेच्या आज्ञेवरून रोटीवाल्यांनी त्यांचीच भाकरी करून लोकांना जगवले. कथा सुंदर आहे, परंतु तीच कथा इतर शहरेही आपापल्या नावावर सांगतात; शिवाय त्या काळी साखर ही धान्याच्या कितीतरी पट महाग होती, त्यामुळे भुकेल्या शहरात धान्य संपावे आणि साखर उरावी हे पटत नाही. बदाम आणि साखर वाटून मिठाई करण्याची कला पूर्वेकडील अरब जगातून भूमध्य समुद्रामार्गे युरोपात पोहोचली, आणि उत्तर जर्मनीत ती हान्झा संघाच्या व्यापारी शहरांतून रुजली. ल्युबेकच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख 1530 च्या सुमारास सापडतो. त्या काळी ती औषधविक्रेत्यांकडे मिळे आणि श्रीमंतांच्या पंक्तीत वाढली जाई.

सामान्य घरांत ती पोहोचली ते एका कंदामुळे. बीटमध्ये उसासारखीच साखर असते हे आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने 1747 मध्ये दाखवून दिले, त्याचा शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड याने 1801 मध्ये सायलेशियातील कुनेर्न येथे बीटसाखरेचा पहिला कारखाना उभारला, आणि एकोणिसाव्या शतकात साखर हळूहळू सर्वांच्या आवाक्यात आली. ल्युबेकमध्ये योहान गेओर्ग निडरएगर याचे मिठाईचे दुकान सुरू झाले ते याच काळात, 1806 मध्ये. ते आजही नगरसभागृहासमोर आहे. तिथे बसून हेझलनटच्या क्रीमचा, वरून मार्झिपानचे पातळ पांघरूण घातलेला केक कॉफीबरोबर खाल्ला की मार्झिपानचे केकमधले काम नीट कळते. ते पांघरूण लाटलेल्या पुरीइतके पातळ असते, आतल्या क्रीमला हवा लागू देत नाही, आणि काटा रुतताना किंचित अडते. साखरेच्या आवरणाने केक गुळमट होतो. मार्झिपानच्या आवरणाने मात्र त्यात बदामाची आणखी एक चव येते.

श्टोलन या नाताळच्या लांबट, पावासारख्या केकविषयीही थोडे सांगायला हवे, कारण त्यात बराच गोंधळ होतो. प्रसिद्ध ड्रेस्डेनर श्टोलन हा मुळात मनुका, बदाम आणि लोण्याचा असतो. मधोमध मार्झिपानची गुंडाळी घातलेला श्टोलन हा त्याचा एक वेगळा, लोकांचा अतिशय आवडता प्रकार आहे. ड्रेस्डेनचा नाताळबाजार 1434 पासून भरतो, आणि उपवासाच्या काळात लोणी वर्ज्य असताना 1491 मध्ये पोपने ते वापरण्याची परवानगी दिली म्हणून सॅक्सनीतला श्टोलन खाण्याजोगा झाला. भाजल्यानंतर तो लगेच कापत नाहीत. लोण्यात न्हाऊन आणि पिठीसाखरेत घोळून दोन-तीन आठवडे थंड जागी ठेवतात आणि लोणच्यासारखा मुरू देतात. या काळात कडेचा पाव कोरडा होण्याची भीती असते, तर मधली मार्झिपानची गुंडाळी ओलावा धरून ठेवते. म्हणून डिसेंबरच्या शेवटी कापलेल्या चकतीतही मधला पांढरा गोल ओलसरच लागतो.

मार्झिपानच्या लहान मिठाया ठिकठिकाणी वेगळ्या आहेत, आणि काहींचा दिवसही ठरलेला आहे. कोकोच्या पुडीत घोळवलेले, बटाट्यासारखे दिसणारे लहान गोळे नाताळाआधीच्या आठवड्यांत येतात. 31 डिसेंबरला मार्झिपानचे गुलाबी डुक्कर एकमेकांना देतात, कारण जर्मनमध्ये 'डुक्कर असणे' म्हणजे नशीब जोरावर असणे. फ्रांकफुर्टच्या बेथमेन्शेन या मार्झिपानच्या गोळ्यांवर तीन अर्धे बदाम उभे लावलेले असतात. त्या नावामागे बेथमान या सावकार घराण्याची कथा सांगतात: चार मुलगे होते तेव्हा चार बदाम लावत, 1845 मध्ये एक मुलगा वारला तेव्हापासून तीन. ज्या सिमोन मोरिट्झ फॉन बेथमान याच्या घरी ही मिठाई 1838 मध्ये प्रथम झाली असे सांगतात तो मात्र 1826 मध्येच निवर्तला होता, म्हणून कथेचा तो भाग मी बाजूला ठेवते. ड्रेस्डेनमध्ये हेर्बेर्ट वेंडलर याने 1936 मध्ये डोमिनोश्टाइन काढला: मसाल्याच्या केकची पट्टी, फळांची जेली, मार्झिपान, आणि वरून चॉकलेट. महागड्या चॉकलेटांपेक्षा तो स्वस्त होता, त्यामुळे युद्धकाळातील टंचाईत लोकांना त्याचाच आधार वाटला.

यांतली मला सर्वांत प्रिय मिठाई क्योनिग्सबर्गची आहे. पूर्व प्रशियाचे ते शहर 1945 नंतर सोव्हिएत संघाकडे गेले, त्याचे नाव कालिनिनग्राड झाले, आणि तिथले जर्मन लोक जीव वाचवून पश्चिमेकडे आले. तिथे 1809 मध्ये पोमात्ती बंधूंनी मार्झिपान बनवायला सुरुवात केली होती. 1894 मध्ये तिथेच सुरू झालेली श्वेर्मर ही पेढी आज बायर्नमधील (बव्हेरियातील) बाड व्योरिसहोफेन येथे आहे. आमच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या आजी लहानपणी आईचा हात धरून त्या भागातून आल्या. दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्या मला स्वयंपाकघरात बोलावतात. वाटलेल्या बदामात पिठीसाखर आणि गुलाबपाणी घालून त्या गोळा मळतात, पण फार मळत नाहीत, कारण जास्त मळले की तेल सुटते आणि गोळा फुटतो. मग तो लाटून हृदयाच्या आकाराचे तुकडे कापतात, त्यांच्या कडेने दोरीएवढी पट्टी लावतात, आणि काट्याच्या टोकाने त्या पट्टीवर चुण्या पाडतात. आपण करंजीला मुरड घालतो तसेच ते दिसते. कडेला अंड्याचा बलक लावून ताट ओव्हनच्या वरच्या जाळीखाली सरकवले की त्या दारासमोरून हलत नाहीत, कारण अर्ध्या मिनिटाच्या फरकाने कड खरपूस होते किंवा करपते. थंड झाल्यावर मधल्या खळग्यात गुलाबपाण्यात कालवलेली पिठीसाखर ओततात आणि वर मुरवलेल्या फळाचा एक तुकडा ठेवतात. भाजलेली कड किंचित कडसर आणि मधला भाग गुलाबी वासाचा, असा तो एक घास असतो. त्यांच्या आईने आणलेल्या सामानातले आज काहीही उरलेले नाही, ही कृती मात्र उरली आहे, असे त्यांनी एकदा मला सांगितले. तुमच्या प्रश्नातल्या 'पिढ्यान्‌पिढ्या' या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी उमगला.

मार्झिपान आपल्याला वाटते तितके परके नाही, हेही सांगायला हवे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळात, मार्झिपान असते, पोर्तुगीज वळणाचे आणि बहुधा काजूचे. मुंबईतल्या बेकऱ्यांत ईस्टरला मार्झिपानची रंगीत अंडी मिळतात. काजूचे मार्झिपान अधिक मऊ आणि अधिक गोड लागते. मला तेही आवडते, परंतु त्यात कडू बदामाची ती बारीक कडसर चव नसते, आणि जर्मन लोकांचा जीव त्या कडसर चवीतच गुंतलेला आहे.

तुम्हाला पुन्हा चव घेऊन पाहायची असेल तर सहकाऱ्याला पुढच्या खेपेस वेष्टनावर 'एडेलमार्झिपान' लिहिलेले आणि घटकांच्या यादीत साखरेच्या आधी बदामाचे नाव असलेले आणायला सांगा. डार्क चॉकलेटचा पातळ थर असलेली लहान लादी सुरुवातीला उत्तम, कारण चॉकलेटचा कडूपणा साखरेला आवर घालतो. ती फ्रिजमध्ये ठेवू नका, उघडल्यावर घट्ट गुंडाळून ठेवा, नाहीतर चार दिवसांत कडा दगडासारख्या होतात. सुरीने नखाएवढ्या जाडीची चकती कापा, बिनसाखरेच्या कॉफीबरोबर जिभेवर ठेवा, आणि चावण्याआधी थोडा वेळ तशीच राहू द्या: साखर आधी विरघळते, आणि बदाम नंतर येतो.