अ‍ॅडॅप्टिव्ह मॅनेजमेंटमुळे संवर्धन प्रकल्प खरंच सुधारतात का, हे मोजायचं कसं?

अ‍ॅडॅप्टिव्ह मॅनेजमेंट म्हणजे आधी अंदाज बांधायचा, काम करायचं, परिणाम मोजायचा आणि त्यातून शिकून पुढची पद्धत बदलायची. त्याचा फायदा मोजता येतो, पण त्याआधी ती पद्धत खरोखर वापरली गेली का, हे बघावं लागतं. मी काही वर्षं अशा प्रकल्पांचे अहवाल तपासायचं काम केलं. एका अहवालात 'यंदा काय शिकलो' असा रकाना होता. सलग तीन वर्षं त्यात तोच परिच्छेद, टायपिंगच्या चुकीसकट! मुखपृष्ठावर मात्र 'अ‍ॅडॅप्टिव्ह' ठळक अक्षरात. हा प्रकार दुर्मीळ नाही. वेस्टगेट, लायकन्स आणि लिंडेनमायर या संशोधकांनी २०१३ साली १३३६ शोधनिबंध चाळले. ही पद्धत प्रत्यक्ष राबवल्याचा दावा ६१ निबंधांत होता, त्यांतले प्रकल्प ५४, आणि निरीक्षणांच्या आकड्यांसह नीट पुरावा सापडला फक्त १३ प्रकल्पांत.

म्हणून मी आधी एकच कागद मागतो: काम सुरू करण्यापूर्वी लिहिलेला अंदाज. काय केल्यावर काय होईल असं वाटत होतं? तो नसेल तर पुढचं सगळं मागाहून रचलेलं असू शकतं. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन धरणामुळे कोलोरॅडो नदीची वाळू अडते आणि खालच्या ग्रँड कॅन्यनमधले वाळूचे काठ झिजतात. १९९६ साली सात दिवस मुद्दाम पूर सोडला. नदीच्या तळाची वाळू उचलली जाऊन काठांवर बसेल, हा अंदाज. प्रत्यक्षात बरीचशी वाळू वरच्या बाजूच्या जुन्याच वाळूपट्ट्यांच्या बुडातून आली. म्हणजे एका खिशातलं दुसऱ्या खिशात. म्हणून २००४ चा पूर पॅरिया या उपनदीने ताजी वाळू आणून टाकल्यावर सोडला. कोणत्या मोजणीमुळे कोणता निर्णय बदलला, हे इथे बोट ठेवून दाखवता येतं.

अमेरिकेत मॅलार्ड बदकांच्या शिकारीचे नियम १९९५ पासून याहून काटेकोरपणे ठरतात. बदकांची संख्या कशी बदलेल हे सांगणाऱ्या चार गणिती मॉडेलना सुरुवातीला सारखंच वजन, म्हणजे सारखाच विश्वास, दिला होता. ज्याचा अंदाज त्या वर्षीच्या गणनेशी जास्त जुळतो, त्याचं वजन वाढतं. शिकणं इथे थेट आकड्यात दिसतं. पण शिकलो म्हणजे बदकांचं भलं झालं असं नाही. ते वेगळं मोजायचं.

आणि तिथेच खरी गोची आहे. आपण पद्धत बदलतो कधी? सगळ्यात वाईट वर्ष गेल्यावर. घरटी कमी झाली, रोपं वाळली, की बैठक बसते. पण फार वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेकदा काहीही न करता थोडं बरंच जातं, आणि श्रेय नव्या पद्धतीला मिळतं. मीही एका अहवालावर याच चुकीने 'उत्तम' असा शेरा मारलाय. शिवाय ही पद्धत घेणाऱ्यांकडे माणसं आणि पैसा आधीपासूनच जास्त असू शकतो, त्यामुळे त्यांची इतरांशी सरळ तुलनाही फसवी.

जागा अनेक असतील तर बदल एकदम करू नका. कुठे आधी, कुठे नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि मोजणी सगळीकडे सारखीच ठेवा. थांबलेल्या जागा मग आपोआप तुलनेला मिळतात. मोजणीचा खर्चही हिशेबात धरा, कारण तोच पैसा कुंपणाला किंवा रोपांनाही लागला असता.

तुमची जागा एकच आहे की अनेक? आणि बदलाआधीच्या चार-पाच वर्षांचे आकडे आहेत का? ते कळलं तर नेमकी कोणती तुलना शक्य आहे ते सांगता येईल.