फ्लाय बेट टाकलं तरी म्हशी पाय का आपटतात? तबेलेवाल्यांचे प्रश्न

प्रश्न: आरेमध्ये तबेला आहे. फ्लाय बेटचे दाणे टाकले, सकाळी माश्यांचा खच पडलेला असतो, तरी म्हशी दिवसभर पाय आपटतातच. माल डुप्लिकेट आहे का?

उत्तर: माल बरोबरच असणार, माशी वेगळी आहे. बेट म्हणजे साखर, त्यात इमिडाक्लोप्रिडसारखं विष (पूर्वी मेथोमिलही असायचं, 2023 पासून त्यावर देशात बंदी आहे) आणि बऱ्याच कंपन्यांच्या मालात घरमाशीला ओढणारा वास. घरमाशी गोड दिसलं की चाटते आणि मरते, तो खच तिचाच. पण पायाला चावते ती स्टोमॉक्सिस, लांबून अगदी घरमाशीच वाटते, जवळ जाऊन बघा, तोंडातून सुईसारखी सोंड सरळ पुढे आलेली असते. नर-मादी दोघंही रक्त पितात आणि साखरेच्या दाण्यांकडे क्वचितच फिरकतात. उद्या सकाळी म्हशीच्या पुढच्या पायांवर गुडघ्याखाली नजर टाका, या माश्या डोकं वर करून बसलेल्या दिसतील, पोट भरलं की जवळच्या भिंतीवर जाऊन बसतात, तिथेही डोकं वरच.

हिला मारायचं तर जन्माच्या जागी मारा. गव्हाणीखाली सांडलेला चारा, मुतात भिजून काळा पडलेला पेंढा, शेणाच्या ढिगाच्या ओल्या कडा, यात ती अंडी घालते आणि आपल्या गरम हवेत दोन-तीन आठवड्यांत नवीन माशी तयार. म्हणून हा माल आठवड्यातून एकदा खरवडून बाहेर काढायचाच, पावसाळ्यात तर जास्तच, कारण मुंबईत जून ते सप्टेंबर काही सुकतच नाही. नुसतं वरून झाडू मारून उपयोग नाही, कोपऱ्यातला आणि खांबाच्या बुडातला थर निघाला पाहिजे. बेट चालू ठेवा, घरमाश्या कमी होतील, दुधाच्या भांड्यांसाठी ते चांगलंच आहे, पण पाय आपटणं त्याने थांबणार नाही.

प्रश्न: तबेल्यात कुत्रा आणि कोंबड्या आहेत. दाणे कुठे ठेवू?

उत्तर: जमिनीवर अजिबात नको, कोंबडी खाद्य समजून टिपणार. लेबलवर परवानगी असेल तर ट्रेमध्ये घालून उंच टांगा, गव्हाण, पाण्याची टाकी आणि दुधाच्या कॅनपासून लांब. शेवटी विषच ते, हातमोजे घाला आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका.

प्रश्न: बेट पाण्यात कालवून म्हशीच्या पायालाच लावलं तर चालेल का?

उत्तर: नाही, कृपा करून असं करू नका! म्हैस चाटेल, विषबाधा होईल. जनावराच्या अंगावर मारायला डेल्टामेथ्रिनसारखी वेगळी औषधं मिळतात, प्रमाण आणि किती दिवस दूध विकायचं नाही हे डॉक्टरांना विचारूनच घ्या, ते दूध कुणाच्या तरी पोराच्या पोटात जातं. फवारा पायांवर आणि पोटाखाली बसला पाहिजे, पाठीवर मारलं तर औषध फुकट. पाय चिखलात भिजले की असर लवकर उतरतो, हे धरून चला.

प्रश्न: मालाडला दोन गाई आहेत, लम्पीची भीती वाटते. कडुलिंबाचा धूर पुरे का?

उत्तर: धुराने तासभर आराम, बस. 2022 मध्ये राज्यात लम्पीने किती गाई आजारी पडल्या ते आपण बघितलंय, आणि चावणारी माशी एका जनावराचं रक्त अर्धवट पिऊन लगेच दुसऱ्यावर बसते, तेव्हा सोंडेवरून विषाणू पुढे जाऊ शकतो. लस आधी टोचून घ्या. मग संध्याकाळी दूध काढताना मोठा पंखा पायांच्या उंचीला लावा, वाऱ्यात माशीला नीट बसता येत नाही.