लेकाला इम्प्रोव्हच्या क्लासला जाऊ द्यावं का?

प्रश्न : ताई, आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मुलगा 26 वर्षांचा, ऑटिस्टिक आहे, नोकरी करतो. रोजचा रस्ता बदलला तरी दिवसभर अस्वस्थ असतो, आणि आता म्हणतो इम्प्रोव्ह कॉमेडी शिकायचीय! म्हणजे स्क्रिप्ट नाही, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं, तेही लोकांसमोर. लोक त्यालाच हसले तर? पण वाटतं, चारचौघांत मिसळायला तरी शिकेल. काय करू?
– एक आई

उत्तर : जाऊ द्या हो. 26 वर्षांचा आहे, स्वतःहून म्हणतोय.

स्क्रिप्ट नसते हे खरंय, पण नियम असतात आणि ते स्पष्ट सांगितलेले असतात. समोरचा म्हणाला आपण होडीत आहोत, की होडीतच, नाही म्हणायचं नाही, उलट त्यात आपलं काहीतरी घालायचं. आता लग्नाच्या हॉलमध्ये कोणाशी किती बोलायचं, कधी थांबायचं हे कोणी सांगतं का? सगळं आपलं अंदाजाने ओळखायचं, आणि चुकलं की पाठीमागे कुजबुज. त्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं, निदान माझ्या इम्प्रोव्हच्या वर्कशॉपला येणाऱ्या ऑटिस्टिक मंडळींपैकी बरेच जण तरी असंच सांगतात.

हसण्याचं म्हणाल तर, मागे आम्ही एकेका शब्दाची गोष्ट खेळत होतो. आजीने, फ्रीज, उघडला, तर, आत... आणि एका ऑटिस्टिक मुलीची पाळी आली. ती चार-पाच सेकंद गप्प, आम्ही थांबलो, मग म्हणाली, "पाऊस". सगळे खो खो हसले, ती पण, आणि पुढच्याने लगेच आजीच्या हातात छत्री दिली!

आणि हे खेळ तर तुमच्या शिकागोचेच! 1930 च्या दशकाच्या अखेरीस व्हायोला स्पोलिन यांनी तिथे स्थलांतरितांच्या मुलांना नाटक शिकवताना यातले बरेच घडवले, पुढे 1959 मध्ये त्यांच्या मुलाने, पॉल सिल्स यांनी, इतरांबरोबर सेकंड सिटी हे इम्प्रोव्ह कॉमेडीचं थिएटर काढलं. वेगवेगळ्या घरांतनं आलेल्या, बोलण्याची रीत वेगळी असलेल्या मुलांना एकत्र खेळता यावं म्हणूनच तर ते होते.

क्लासवाल्यांना मात्र आधी विचारायला सांगा त्याला : न विचारता अंगाला हात लावतात का, नको असेल तेव्हा 'पास' म्हणता येतं का, आज कुठले खेळ आहेत ते आधी कळेल का, टाळ्यांचा कडकडाट सोसत नसेल तर हात हलवून दाद दिली तर चालेल का. यावर कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर दुसरा क्लास बघा.

आणि ते 'मिसळायला शिकेल' तेवढं सोडून द्या. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकांनी 2012 मध्येच मांडलंय की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, म्हणजे त्याला जसं इतरांचं कळत नाही, तसं इतरांनाही त्याचं कळत नाही. मग शिकायचं सगळं ओझं त्याच्या एकट्यावर का? त्याला मजा वाटतेय म्हणून जाऊ दे, आणि शिकवणाऱ्यांना गुपचूप फोन करून 'त्याला जरा बोलतं करा' असं प्लीज सांगू नका.