भांडणारी जोडी कशी बघायची?

रविवारी विश्रामबागेत गप्पांना येताय, तर ‘मूनलायटिंग’ या अमेरिकन टीव्ही मालिकेचे (१९८५ ते १९८९) पहिले तीन-चार भाग बघून या. सबटायटल्स लावाच. डिटेक्टिव्ह एजन्सी चालवणारे मॅडी आणि डेव्हिड एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवतात, अर्धे टोमणे नुसते कानावरून जातात.

वहीत दोनच गोष्टी लिहा: भांडण कशावरून पेटलं आणि कशावर येऊन थांबलं. अशील खरं बोलतंय का इथून सुरू होतं, आणि बघता बघता दोघांनी एकमेकांवर किती भरवसा ठेवायचा यावर घसरतं. तो सांधा सापडला की ओढ सापडली. मग मॅडी दार आपटते. त्यानंतर कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर रेंगाळतो, तेही टिपा.

नवखे कुठे चुकतात?

- प्रत्येक वादाला प्रेम म्हणतात. नुसता अपमान असेल तर तो अपमानच.
- केसचा भाग पुढे पळवून फक्त जोडी बघतात. मग भांडणाचं कारणच हाती लागत नाही.
- ‘एकत्र आले अन् मालिका पडली’ असं ठोकून देतात. १९८७ मध्ये ते जवळ आले खरे. पण पुढच्या सीझनला मॅडी झालेली सिबिल शेफर्ड गरोदर, डेव्हिड झालेला ब्रूस विलिस सिनेमाच्या शूटिंगात. दोघं एका फ्रेममध्ये फारसे नाहीतच. भांडायला समोर माणूस नको का? ‘कॅसल’ या दुसऱ्या गुन्हे-मालिकेतली जोडी २०१२ मध्ये जुळली, तरी मालिका २०१६ पर्यंत चालली की!

शेवट आत्ताच वाचू नका. भडंग आहे आमच्याकडे, तुम्ही वही आणा.