एमजीबी मिसिंग करतेय? आधी डिस्ट्रिब्युटर उघड

तुझ्या या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या कार्ब्युरेटरला अजून हात लावू नकोस. गरम झाल्यावर मिसिंग (इंजिन मध्येच ठोके चुकवतं) आणि थंड झाली की ठीक, म्हणजे पहिला संशय कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) आणि कॉइलवर (प्लगच्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी). डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप काढ, गाडी न्यूट्रलला ठेवून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांग. पॉइंटमध्ये (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) मोठी पिवळट ठिणगी दिसली तर बहुधा कंडेन्सर गेलाय. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, फीलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लाव.

आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली ती छोटी वायर नीट बघ! व्हॅक्युम ॲडव्हान्समुळे (ठिणगीची वेळ पुढे आणणारी यंत्रणा) पॉइंटची प्लेट हलते, वायर वाकून वाकून आवरणाच्या आतच तुटते. बाहेरून मात्र धडधाकट दिसते. तिच्यापायी माझे दोन रविवार गेले. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला टेस्ट लॅम्प जोड. स्टार्टर मारताना तो उघडझाप करायला हवा.

एका वेळी एकच भाग बदल. जुना चालता रोटर (कॅपखाली फिरून ठिणगी प्लगांकडे पोचवणारा भाग) जपून ठेव, कारण काही नवे रोटर रिव्हेटमधून शाफ्टला शॉर्ट होतात.